गोवराला नळीत वाढवणारे जॉन एंडर्स

उल्हासनगरच्या बराकीत, अंबरनाथच्या चाळीत किंवा बदलापूरच्या नव्या इमारतीत वाढणारे बाळ नऊ महिन्यांचे झाले, की त्याच्या उजव्या दंडावर एक बारीक सुई टोचली जाते. ही गोवर-रुबेलाची लस. बाळ थोडे रडते, परिचारिका कार्डावर तारीख लिहिते आणि आई पुढच्या डोसची तारीख विचारून घरी निघते. त्या अर्ध्या मिलिलिटर द्रवात गोवराचा जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. त्याचा मूळपुरुष १९५४ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहराजवळच्या एका निवासी शाळेत, गोवर झालेल्या तेरा वर्षांच्या मुलाच्या रक्तातून मिळाला होता. तो मिळवणाऱ्या, वाढवणाऱ्या आणि दुबळा करणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते जॉन फ्रँकलिन एंडर्स.

पोलिओच्या लसीमुळे साल्क आणि सेबिन ही नावे घरोघरी पोहोचली. एंडर्स यांचे नाव वैद्यकाच्या पुस्तकांत मोठे असले, तरी सामान्य वाचकाच्या कानावर ते क्वचित पडते. खरे तर पोलिओच्या दोन्ही लसींची वाटही एंडर्स यांच्याच प्रयोगशाळेतून गेली होती.

उशिरा सापडलेली वाट

एंडर्स यांचा जन्म १० फेब्रुवारी १८९७ रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या वेस्ट हार्टफर्ड गावी झाला. त्या वेळी आपल्याकडे मुंबई-पुण्यात प्लेगची साथ होती आणि बरोबर एक महिन्याने, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. माणसे साथीच्या रोगांनी मरत होती आणि बहुतेक रोगांवर डॉक्टरांच्या हाती काहीच नव्हते, असा तो काळ.

एंडर्स यांचे वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, घरी सुबत्ता होती. येल विद्यापीठात शिकत असताना पहिले महायुद्ध आले आणि ते नौदलाच्या विमानदळात गेले, वैमानिक झाले आणि इतरांना विमान चालवायला शिकवू लागले. युद्ध संपल्यावर पदवी घेतली आणि जमीन-घरांच्या खरेदी-विक्रीचा धंदा करून पाहिला. त्यात मन रमेना, म्हणून हार्वर्ड विद्यापीठात इंग्रजी साहित्य आणि जुन्या केल्टिक भाषांचा अभ्यास सुरू केला. भाषेचे प्राध्यापक व्हायचे, असे जवळपास ठरले होते.

ते ज्या घरात राहत, तिथे ह्यू वॉर्ड हा ऑस्ट्रेलियन तरुण राहत होता. तो हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात जीवाणूशास्त्र शिकवायचा. त्याच्याबरोबर एंडर्स प्रयोगशाळेत डोकावू लागले. तिथले प्रमुख हॅन्स झिन्सर हे स्वतः शास्त्रज्ञ आणि कवी होते, साहित्यावर जीव असलेले. एंडर्स त्यांच्याकडे ओढले गेले ते कायमचेच. भाषेतली डॉक्टरेट बाजूला राहिली आणि १९३० मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्यांनी जीवाणूशास्त्रात पीएच.डी. मिळवली. वैद्यकाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. ज्यांच्या कामामुळे कोट्यवधी मुले वाचली, ते एंडर्स रूढ अर्थाने डॉक्टर नव्हते.

पुढची बरीच वर्षे शिकवण्यात आणि संशोधनात गेली. १९४३ मध्ये त्यांची पत्नी सारा यांचे निधन झाले. घरी दोन मुले होती. युद्धकाळात सैनिकांमध्ये पसरणाऱ्या गालगुंडावर त्यांनी काम केले आणि युद्धानंतर बॉस्टनच्या बालरुग्णालयात संसर्गजन्य रोगांची प्रयोगशाळा उभी करण्याची जबाबदारी घेतली. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या घरात होते. अनेकांची कारकीर्द ज्या वयात स्थिरावते, त्या वयात त्यांचे सर्वांत मोठे काम सुरू व्हायचे होते.

उरलेल्या नळ्यांनी दाखवलेला चमत्कार

जीवाणू आणि विषाणू यांत एक मोठा फरक आहे. जीवाणूला योग्य खाद्य मिळाले, की तो काचेच्या थाळीत वाढतो. विषाणूला मात्र जिवंत पेशीच लागते. म्हणून त्या काळी पोलिओवर संशोधन करायचे तर माकडे लागत आणि त्यांच्या मेंदूत, मज्जारज्जूत विषाणू सोडावा लागे. पोलिओचा विषाणू फक्त मज्जापेशींतच वाढतो, अशी समजूत पक्की होती. पण मज्जापेशींत वाढवलेल्या विषाणूची लस माणसाला टोचणे धोक्याचे होते. त्यामुळे लसीचे काम अडून बसले होते.

एंडर्स यांच्याबरोबर तेव्हा थॉमस वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स हे दोन तरुण डॉक्टर काम करत होते. १९४८ मध्ये वेलर कांजिण्यांच्या विषाणूवर प्रयोग करत होते. मानवी त्वचा व स्नायूंच्या पेशी असलेल्या काही नळ्या प्रयोग संपल्यावर शिल्लक राहिल्या. प्रयोगशाळेच्या शीतकपाटात पोलिओचा विषाणू होताच. उरलेल्या नळ्यांत तो घालून पाहिला आणि विषाणू वाढला! ज्यांचा मज्जासंस्थेशी काही संबंध नाही, अशा पेशींत तो वाढत होता. नव्यानेच हाती आलेल्या पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकांमुळे नळ्यांतले इतर जंतू रोखता येत होते, हेही या यशाचे एक कारण.

हा शोध १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर विषाणू हवा तेवढा, स्वच्छ आणि स्वस्तात वाढवता येऊ लागला. साल्क यांची टोचायची आणि सेबिन यांची तोंडावाटे द्यायची, या पोलिओच्या दोन्ही लसी याच पायावर उभ्या राहिल्या. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या यशाची एक मुळी बॉस्टनमधल्या उरलेल्या नळ्यांपर्यंत जाते.

१९५४ मध्ये या कामासाठी नोबेल पारितोषिक द्यायचे ठरले. प्रयोगशाळेचे प्रमुख या नात्याने ते एकट्या एंडर्स यांच्याकडे जाण्याची शक्यता होती. वेलर आणि रॉबिन्स यांना बरोबरीचे मानकरी केले, तरच आपण पारितोषिक स्वीकारू, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि पारितोषिक तिघांना मिळाले. वरिष्ठांचे नाव आधी आणि कनिष्ठांचे काम त्याखाली झाकले जाण्याची रीत सगळीकडे असते. एंडर्स यांच्या प्रयोगशाळेत ती चालली नाही. ते रोज प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन नवे काय दिसले याची चौकशी करत आणि तरुण सहकाऱ्याचे निरीक्षण स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहत.

शाळेतली साथ

नोबेल जाहीर होण्याआधीच एंडर्स पुढच्या विषाणूकडे वळले होते. तो होता गोवर.

गोवराला आपल्याकडे बरीच माणसे अजूनही साधा आजार मानतात. मुलांना एकदा व्हायचाच, अंगावर नीट बाहेर पडला म्हणजे झाले, कडुलिंबाचा पाला बांधावा, आंघोळ घालू नये, असे सांगणाऱ्या आज्या घरोघरी होत्या. देवी, गोवर, कांजिण्या हे सारे देवीचे येणे मानले जाई. उल्हासनगरच्या सिंधी घरांत श्रावणात येणारा थदडीचा सण, त्या दिवशी चूल न पेटवता आदल्या दिवशीचे थंड जेवण खाण्याची रीत, यामागेही पुरळाच्या आजारांपासून मुलांना जप, अशी शीतळादेवीची विनवणीच आहे. ज्या आजारापुढे उपाय नसतो, त्याच्यापुढे माणूस हात जोडतो.

आणि हात जोडण्यासारखाच हा आजार होता. लस येण्यापूर्वी जगभरात दरवर्षी सुमारे २६ लाख माणसे, त्यात बहुतांश लहान मुले, गोवराने दगावत. गोवर जीव घेतो तो बहुधा न्यूमोनियाने, जुलाबाने आणि कधी मेंदूच्या दाहाने. कुपोषित मुलाला तो डोळ्यांतून अंध करू शकतो. शिवाय गोवरातून बरे झालेल्या मुलाच्या प्रतिकारशक्तीची जुन्या जंतूंची आठवण काही प्रमाणात पुसली जाते, त्यामुळे पुढचे अनेक महिने ते इतर आजारांना सहज बळी पडते. गोवर होऊन गेला आणि दोन महिन्यांनी बाळ न्यूमोनियाने गेले, तर कोणी गोवराला दोष देत नाही.

हा आजार पसरतोही विलक्षण वेगाने. कोणाचीच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजारी पाडतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून रुग्ण तो पसरवत असतो, म्हणजे घरच्यांना गोवर आहे हे कळेपर्यंत शेजारपाजारची मुले बाधित झालेली असतात.

१९५४ च्या सुरुवातीला बॉस्टनजवळच्या साउथबरो गावातल्या फे स्कूल या मुलांच्या निवासी शाळेत गोवराची साथ आली. एंडर्स यांनी थॉमस पीबल्स या तरुण सहकाऱ्याला तिथे पाठवले. पीबल्स यांनी एकेका मुलाच्या घशातला स्राव आणि रक्त गोळा केले. बऱ्याच नमुन्यांतून काही हाती लागले नाही. शेवटी फेब्रुवारीत घेतलेल्या एका मुलाच्या नमुन्याने साथ दिली. त्याच्या आडनावावरून या विषाणूला एडमन्स्टन असे नाव पडले.

विषाणू वाढवला तो मानवी मूत्रपिंडाच्या पेशींत. मेंदूत पाणी साठलेल्या बाळांवर त्या काळी एक शस्त्रक्रिया होई, तीत ते पाणी मूत्रमार्गात वळवण्यासाठी एक मूत्रपिंड काढावे लागे. असे काढलेले मूत्रपिंड टाकून न देता प्रयोगशाळेत आणले जाई. त्याच्या पेशींत गोवराच्या विषाणूने आपली खूण दाखवली. शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रके असलेल्या राक्षसी पेशी तयार झाल्या. गोवर पहिल्यांदाच माणसाच्या हाती नीट सापडला होता.

दुबळा करण्याचे चिकाटीचे काम

विषाणू पकडला म्हणजे लस झाली असे नसते. तो जसाच्या तसा टोचला तर गोवरच होईल. त्याची आजार करण्याची ताकद काढून घ्यायची आणि शरीराला ओळख पटवून देण्याची ताकद ठेवायची, हे काम तारेवरच्या कसरतीसारखे असते. एंडर्स यांच्या चमूने त्यासाठी जुना पण कष्टाचा मार्ग घेतला. एका नळीत वाढलेला विषाणू दुसऱ्या नळीत, दुसरीतला तिसरीत, असा फिरवत राहायचा. मानवी मूत्रपिंडाच्या पेशींत २४ वेळा, गर्भाभोवतीच्या पडद्याच्या पेशींत २८ वेळा, मग कोंबडीच्या अंड्यांत आणि शेवटी कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत. नव्या घरात रुळताना विषाणू जुने घर विसरत जातो. कोंबडीच्या पेशींत सुखाने वाढणारा हा विषाणू माणसाच्या शरीरात फार वाढेनासा झाला. माकडांना तो टोचला तेव्हा ती आजारी पडली नाहीत, पण त्यांच्या रक्तात गोवराविरुद्धची प्रतिपिंडे मात्र तयार झाली. सॅम्युअल कॅट्झ आणि मिलान मिलोवानोविच यांचा या टप्प्यात मोठा वाटा होता.

१९५८ मध्ये बॉस्टनजवळच्या फर्नाल्ड स्कूल या मतिमंद मुलांच्या संस्थेत ११ मुलांना ही लस पहिल्यांदा देण्यात आली. पालकांची परवानगी घेतली होती आणि कॅट्झ मुलांची रोज तपासणी करत होते. काहींना ताप आला, पुरळ आले, पण मुले फारशी आजारी पडली नाहीत आणि सर्वांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली. तिथे गोवराच्या साथी वारंवार येत, म्हणून त्या मुलांना लसीचा लाभ होता, हे खरे. तरीही स्वतःचे म्हणणे मांडू न शकणाऱ्या, संस्थेत राहणाऱ्या मुलांवर नव्या लसीची पहिली चाचणी करणे आजच्या नियमांत बसणार नाही. आपण आज ज्या लसीवर विसंबतो, तिच्या इतिहासात ही मुलेही आहेत. त्यांचे ऋण मान्य करणे आणि तसे पुन्हा होऊ न देणे, दोन्ही आवश्यक आहे.

यानंतर चाचण्या वाढल्या. १९६० मध्ये नायजेरियात काम करणारे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ली यांच्या आग्रहावरून कॅट्झ तिथे लस घेऊन गेले. अमेरिकेत गोवराने दरवर्षी ४०० ते ५०० मृत्यू होत. नायजेरियाच्या खेड्यांत मात्र गोवर ही मुलांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक होती. या लसीची खरी गरज श्रीमंत देशांपेक्षा गरीब देशांना आहे, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

१९६१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने लस परिणामकारक ठरल्याची बातमी दिली, तेव्हा एंडर्स यांनी हे अनेकांचे एकत्रित काम आहे असे आवर्जून कळवले. २१ मार्च १९६३ रोजी अमेरिकेत या लसीला परवाना मिळाला. त्याच वर्षी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मानही मिळाला.

कुलूप न लावलेला विषाणू

पहिल्या लसीत दोष होता. ती घेतलेल्या बऱ्याच मुलांना चांगलाच ताप येई आणि तो कमी व्हावा म्हणून सोबत गॅमा ग्लोब्युलिनचे दुसरे इंजेक्शन द्यावे लागे. विषाणू आणखी दुबळा करणे गरजेचे होते. इथे एंडर्स यांचा स्वभाव कामी आला. योग्य कामासाठी मागणाऱ्या कोणत्याही संशोधकाला ते आपला विषाणू आणि पेशी मोकळ्या हाताने देत. मॉरिस हिलेमन यांनी तोच विषाणू घेऊन आणखी सौम्य लस केली आणि ती १९६८ मध्ये वापरात आली. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या झाग्रेब शहरातल्या संस्थेने तो मानवी पेशींत वाढवून एडमन्स्टन-झाग्रेब हा वाण तयार केला.

हाच झाग्रेबचा वाण पुढे पुण्यात आला. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने तो वापरून गोवराची लस बनवली आणि जगातल्या कितीतरी देशांच्या मुलांना ती पुरवली. आपल्या सरकारी लसीकरणातही ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. साउथबरो, बॉस्टन, झाग्रेब, हडपसर आणि तिथून शीतपेटीत बसून उल्हासनगर, असा या विषाणूचा प्रवास आहे. वाटेत कोणी त्याला कुलूप लावले असते, तर तो इथवर येता ना.

सत्तर वर्षांपूर्वीच्या विषाणूची लस आजही कशी चालते, असा प्रश्न पडू शकतो. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून त्याची लस वारंवार बदलावी लागते. गोवराचा विषाणू ज्या भागांवरून आपले शरीर त्याला ओळखते, ते भाग जवळजवळ बदलत नाहीत. शिवाय गोवर माणसाखेरीज अन्य प्राण्यांत तळ ठोकून राहत नाही. आणि एकदा मिळालेली प्रतिकारशक्ती दीर्घकाळ टिकते. १८४६ मध्ये फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा ७,७८२ रहिवाशांपैकी सुमारे ६,००० जण आजारी पडले. मात्र ६५ वर्षांपूर्वीच्या साथीत ज्यांना गोवर झाला होता, ते म्हातारे सुटले, असे पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने नोंदवून ठेवले आहे. या सगळ्या कारणांमुळे गोवराचे निर्मूलन शक्य आहे. अमेरिकेने २००० मध्ये ते साधल्याचे जाहीर केले.

एंडर्स यांचे निधन ८ सप्टेंबर १९८५ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, कनेक्टिकटमधल्या वॉटरफर्ड येथे झाले. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १९ नोव्हेंबर १९८५ रोजी, भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि गोवराची लस सरकारी दवाखान्यांतून बाळांना मोफत मिळू लागली. अमेरिकेतल्या परवान्यापासून भारतातल्या झोपडीपर्यंत यायला लसीला २२ वर्षे लागली.

शेवटचे पाच टक्के

त्यानंतरची कहाणी प्रयोगशाळेबाहेरची आहे. २०१० पासून टप्प्याटप्प्याने दुसरा डोस सुरू झाला. २०१७ पासून गोवरासोबत रुबेलाची लस जोडली गेली. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी मोठी मोहीम झाली. शाळाशाळांतून लस दिली गेली आणि समाजमाध्यमांवरच्या अफवांना उत्तरे देण्यात आरोग्य कर्मचाऱ्यांचे बरेच बळ गेले. निर्मूलनाचे उद्दिष्ट आधी २०२०, मग २०२३ आणि आता २०२६ असे पुढे सरकले आहे.

कोविडच्या काळात अनेक बालकांचे डोस राहून गेले. त्याचा हिशेब गोवराने २०२२ च्या अखेरीस मुंबईत चुकता केला. गोवंडी भागातून साथ पसरली, भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण आढळले, काही बालके दगावली. बाधित भागांत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना एक जादा डोस द्यावा लागला. लस हडपसरला तयार होत होती, दवाखान्यात मोफत मिळत होती, आणि तरीही त्यापासून फार दूर नसलेल्या वस्त्यांत मुले गोवराने मेली.

गोवर थोपवायचा तर शंभरपैकी किमान ९५ मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. एक साधा हिशेब पाहा. शंभर बाळांपैकी ९० जणांना नवव्या महिन्यातला पहिला डोस मिळाला असे समजा. त्या वयात डोस घेतलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के बाळांनाच संरक्षण मिळते, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडे काही बाळांत लसीच्या आड येतात. म्हणजे सुरक्षित झाली साधारण ७६ बाळे. उरलेल्या २४ मध्ये गोवर खुशाल फिरू शकतो. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचा दुसरा डोस याचसाठी आहे. पहिला डोस न लागलेल्या बहुतेक मुलांना तो वाचवतो.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात हेच पाच टक्के गाठणे अवघड असते. उल्हासनगर हे शहरच निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी तळाच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आज तिथे दाटीवाटीच्या घरांत देशभरातून आलेली कामगार कुटुंबे राहतात. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीभोवती तेच चित्र. बदलापुरात नव्या इमारती वाढल्या आणि त्या बांधणारी कुटुंबे पत्र्याच्या शेडमध्ये आली. वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर येणारी कुटुंबे पावसाळ्याआधी परततात. बाळाचा पहिला डोस आईच्या माहेरी होतो आणि दुसऱ्या डोसच्या वेळी कुटुंब इथे असते. गावच्या यादीतून नाव गेलेले असते, इथल्या यादीत आलेले नसते. लस नाकारणाऱ्या आई-बापांपेक्षा दोन याद्यांच्या मधे हरवलेली मुले बहुधा जास्त असतात.

त्यांना शोधण्याचे काम आशा ताई करतात. पत्र्याच्या शेडपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत घर-घर फिरून बाळाचे वय, कार्ड, राहिलेला डोस लिहून घेतात. लस शीतसाखळीत ठेवणे, कुपी उघडल्याची वेळ तिच्यावर लिहिणे, चार तासांनंतर उरलेली लस टाकून देणे, प्रत्येक बाळाला नवी सुई वापरणे, ही परिचारिकेची शिस्त. ताप आणि पुरळ असलेले मूल आले, की त्याची नोंद करून रक्ताचा नमुना पाठवणे, ही डॉक्टरची जबाबदारी, मग तो सरकारी असो वा खासगी. एक विषाणू पुन्हा पुन्हा नळीतून नळीत फिरवण्यासारखेच हे काम आहे. कंटाळवाणे, बिनबोभाट, आणि एकाही पायरीला सुट्टी नसलेले.

पालकांनी करायचे ते थोडे आहे. नऊ महिने पूर्ण होताच पहिला आणि सोळा महिन्यांनंतर दुसरा, असे दोन्ही डोस कार्डावर आहेत का, ते पाहावे. राहिला असेल तर मूल पाच वर्षांचे होईपर्यंत सरकारी केंद्रात तो मोफत घेता येतो. गावचे कार्ड इथे चालते आणि कार्ड हरवले म्हणून लस नाकारली जात नाही. साधी सर्दी किंवा किरकोळ ताप असेल तरी लस देता येते. लसीनंतर साधारण पाच ते बारा दिवसांत थोडा ताप किंवा पुरळ आले, तर घाबरू नये. तो दुबळ्या विषाणूशी शरीराची ओळख होत असल्याचा परिणाम असतो. ताप, लाल डोळे, खोकला आणि अंगावर पुरळ असे दिसले, तर मुलाला इतर मुलांपासून दूर ठेवून दवाखान्यात न्यावे. गोवर झालेल्या मुलाला जीवनसत्त्व अ चे डोस दिल्याने अंधत्व आणि मृत्यूचा धोका घटतो. खाणे-पिणे आणि अंगावरचे दूध मुळीच तोडू नये.

२०२३ मध्येही जगात गोवराने सुमारे १ लाख ७ हजार मृत्यू झाले, त्यांत बहुसंख्य पाच वर्षांखालची मुले होती. त्या प्रत्येक मुलाच्या जन्माआधी कितीतरी वर्षे लस तयार होती. एंडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या वाट्याचे काम १९६३ मध्येच पुरे केले. राहिले आहे ते आपल्या वस्तीतल्या त्या मुलाला शोधण्याचे, ज्याच्या कार्डावर दुसऱ्या डोसची चौकट अजून कोरी आहे.